बाळाची सर्दी छातीत उतरली तर काय बघायचं: क्वचित होणारी पण चुकवू नये अशी गुंतागुंत

जुलै-ऑगस्ट आला की बालरोग वॉर्डातले बेड भरायला लागतात आणि ते पार थंडी पडेपर्यंत काही रिकामे होत नाहीत. बहुतेक बाळं एक वर्षाच्या आतली असतात, गोष्ट सगळ्यांची साधारण तीच, मोठ्या भावंडाने शाळेतून सर्दी आणली, ती बाळाला लागली आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळाचं पोट उडायला लागलं. यामागे सगळ्यात जास्त वेळा सापडणारा व्हायरस म्हणजे आरएसव्ही. तो फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्यांना सूज आणतो, त्यात चिकट स्राव भरतो आणि बाळाला श्वास बाहेर सोडायलाच त्रास होतो, याला ब्रॉन्किओलायटिस म्हणतात. बहुतेक बाळं घरीच बरी होतात, थोड्यांना अ‍ॅडमिट करावं लागतं आणि त्यातल्या अगदी थोड्यांना काहीतरी वेगळंच होतं. हे त्या वेगळ्या गोष्टींबद्दल. मी वॉर्डात सिस्टर आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे कुठलं औषध किती एमएल हे इथे मिळणार नाही, पण बाळाकडे बघायचं कसं ते मिळेल.

आधी एक सांगते, घरघर ऐकून घाबरू नका आणि घरघर थांबली म्हणून निर्धास्तही होऊ नका. छोट्या बाळाचं नाक इतकं अरुंद असतं की चिमूटभर शेंबूड असला तरी आख्खी खोली ऐकेल असा आवाज येतो, आणि उलट जे बाळ खरंच दमलंय ते कधीकधी एकदम शांत होतं, घरचे म्हणतात चला झोप लागली एकदाची. आवाजापेक्षा तीन गोष्टी बघा: श्वास किती आणि कसा चाललाय, दूध किती जातंय, आणि बाळ तुमच्याकडे बघतंय का. आणि चौथी म्हणजे आजारपणाचा आज कितवा दिवस आहे. ही शेवटची कोणी लिहून ठेवत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात कामाची आहे. साध्या ब्रॉन्किओलायटिसचं एक वेळापत्रक असतं, पहिले दोन दिवस नाक आणि थोडा ताप, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात वाईट, मग हळूहळू उतार, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. जी गुंतागुंत असते ना, ती बहुतेकदा हे वेळापत्रक मोडते. म्हणून कॅलेंडरवर पहिल्या शिंकेची तारीख टाका.

श्वास मोजायचा कसा

बाळ झोपलेलं किंवा शांत असताना, दूध पीत नसताना, कपडा वर करून पोट-छाती दिसेल असं ठेवा आणि मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण बाळं एकसारखा श्वास घेत नाहीत, कधी भराभर कधी सावकाश. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. पहिल्यांदा जास्त आला तर थोडं थांबून परत मोजा, परतही तेवढाच आला तर दवाखान्यात जायचं. ताप असेल तर श्वास थोडा वाढतो, ताप उतरल्यावर पुन्हा बघा, पण बाकी काही खटकत असेल तर ताप उतरायची वाट बघत बसू नका.

हे काही फक्त शिकलेल्या लोकांचं काम नाही बरं का. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने १९८० च्या दशकाच्या शेवटी गावातल्या लोकांना, दायांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधन बनवलं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. त्यातून त्या गावांतले बालमृत्यू खाली आले आणि १९९० मध्ये ते काम लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आपल्याकडे तर सगळ्यांच्या हातात स्टॉपवॉच आहे.

आकड्याबरोबर श्वासाची पद्धत बघा. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खाली खळगा पडतोय का (पोट उडतंय म्हणतात ते हेच), नाकपुड्या फुलतायत का, प्रत्येक श्वासाला मान वर-खाली होतेय का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतोय का. यातलं शेवटचं आलं की मी तरी एक मिनिट घरी थांबणार नाही. ओठ किंवा जीभ निळसर-करडी दिसली तर नुसतं निघायचं. सावळ्या बाळाच्या कातडीवर निळेपणा पटकन कळत नाही म्हणून तोंडाच्या आत बघा. मोठ्यांचा बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बाळाच्या बोटावर नीट बसत नाही, वाटेल तो आकडा दाखवतो, त्यावर भरवसा ठेवून घरी थांबू नका.

पहिल्या दोन दिवसांतच काही वेगळं झालं तर

सगळ्यात भीतीदायक हेच, कारण अजून आजार वाढलेलाही नसतो. नुसती सर्दी आहे, ताप नाही, आणि बाळ अचानक श्वास घ्यायचंच थांबतं. याला अ‍ॅप्निया म्हणतात. दोन महिन्यांच्या आतली आणि दिवस पूर्ण व्हायच्या आधी जन्मलेली बाळं यात जास्त सापडतात, आणि त्यांच्यात कधीकधी आरएसव्हीचं पहिलं लक्षणच हे असतं. आता छोट्या बाळांचा श्वास झोपेत पाच-दहा सेकंद थांबून परत सुरू होतो, ते नॉर्मल आहे, त्याला घाबरू नका. पण वीस सेकंद थांबला, किंवा कमी वेळ थांबला पण सोबत रंग बदलला किंवा अंग लुळं पडलं, तर ते नॉर्मल नाही, मग बाळ नंतर हसलं-खेळलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल. "आता तर बरा दिसतोय" हे वाक्य इथे चालत नाही, कारण ते परत होतं.

त्या क्षणी काय करायचं: तळपाय चोळा, पाठ चोळा, हाक मारा. गदागदा हलवायचं अजिबात नाही. तरीही श्वास नाही तर बाळाला सपाट कडक जागेवर ठेवा, डोकं सरळ, मागे फार वाकवायचं नाही, तुमचं तोंड त्याच्या नाक आणि तोंड दोन्हीवर लावून छाती वर येईल एवढीच हळू फुंकर दोनदा, मग दोन्ही हातांनी छातीला वेढा घालून, छातीच्या मधोमध स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली दोन अंगठ्यांनी ३० वेळा दाब, साधारण ४ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, मग परत दोन फुंकर. घरात दुसरं कोणी असेल तर त्याने १०८ लावायचा, नसेल तर फोन स्पीकरवर. वाचून हे जमत नाही खरं तर, कमी दिवसांचं बाळ घरी नेताना एनआयसीयूतल्या (नवजात बाळांच्या आयसीयूतल्या) सिस्टरकडून बाहुलीवर करून घ्या, आम्ही कोणाला नाही म्हणत नाही.

दुसरा म्हणजे डांग्या खोकला. लोकांना वाटतं तो जुन्या काळातला, पण अजून येतो, आणि छोट्या बाळात तो डांग्यासारखा वाजतच नाही. मोठ्या मुलांना खोकल्याच्या उबळीनंतर श्वास ओढताना हूऽऽप आवाज येतो, तान्ह्यात तेवढी ताकदच नसते, त्याचं तोंड लाल होतं, मग काळंनिळं, उलटी होते, श्वास थांबतो, आणि उबळ गेली की बाळ एकदम ठीक. ओपीडीत डॉक्टरांसमोर ते ठीकच दिसणार. म्हणून उबळ आली की मोबाइलवर व्हिडिओ काढा, हा व्हिडिओ दहा मिनिटं वर्णन करण्यापेक्षा जास्त सांगतो. आणि घरात कोणाला दोन-तीन आठवडे खोकला असेल, मग ते आजोबा असोत की कामाला येणाऱ्या मावशी, ते डॉक्टरांना सांगा. यात कधीकधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी प्रचंड वाढतात आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांवर दाब येतो, अशा बाळाला आयसीयूच लागतो. पेंटाव्हॅलंटचा (डांग्या खोकला धरून पाच आजारांवरच्या लसीचा) पहिला डोस सहाव्या आठवड्यात असतो, त्याआधी बाळाला संरक्षण नसतं. गरोदरपणी सरकारी केंद्रात टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) मिळते, तिच्यात डांग्या खोकल्याचा भाग नसतो, त्यासाठी टीडॅप वेगळी घ्यावी लागते, साधारण २७ ते ३६ आठवड्यांत, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

तिसरा ते पाचवा दिवस

इथे मुख्य प्रश्न दुधाचा. नाक चोंदलं की बाळ ओढू शकत नाही, धाप लागली की ओढायचं की श्वास घ्यायचा यात श्वास जिंकतो. पाजायच्या आधी नॉर्मल सलाइनचे थेंब नाकात घालून साफ करा, मग थोडं थोडं आणि जास्त वेळा पाजा. नेहमीच्या निम्म्यापेक्षा कमी जात असेल, सहा-आठ तास शू नसेल, टाळू खोल गेली असेल तर हॉस्पिटल. आणि श्वास अगदीच जलद असेल तर चमच्याने जबरदस्ती भरवू नका, ते फुप्फुसात जातं.

आता एक असं, जे फारसं कोणाला माहीत नसतं. छातीच्या आजारात बाळाचं शरीर पाणी धरून ठेवायला लागतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. त्यात घरच्यांनी "घसा कोरडा पडला असेल" म्हणून साधं पाणी, तुळशीचं पाणी, ओव्याचं पाणी चमच्या-चमच्याने दिलं की सोडियम आणखी खाली जातं, आणि मग बाळ मलूल होतं, झटके येतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दुधाशिवाय काही नाही, उकळलेलं पाणीसुद्धा नाही. हॉस्पिटलमध्ये सलाइनसुद्धा मोजून देतात ते याचसाठी, "एवढीच बाटली का लावली" म्हणून भांडू नका.

झटक्यांचंच निघालं म्हणून. तापातले साधे झटके सहा महिने ते पाच वर्षं या वयात येतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला झटका आला तर तो तापाचाच असेल असं कोणी घरी ठरवू नये, सोडियम, साखर, मेंदूज्वर सगळं बघावं लागतं. फ्लूमध्ये क्वचित मेंदूला सूज येते, तेव्हा झटका थांबल्यावरही बाळ शुद्धीवर येत नाही, ओळखत नाही, विचित्र रडतं. झटका चालू असताना कुशीवर वळवा, वेळ बघा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवणं बंद करा हो आता. तान्ह्या बाळाला झटका आला तर तो थांबतोय का बघत बसायचं नाही, १०८ लावा किंवा गाडी काढा.

आणि हृदय. हे चुकतं, अगदी शहरातसुद्धा चुकतं, कारण बाहेरून सगळं न्यूमोनियासारखंच दिसतं. व्हायरसमुळे कधीकधी हृदयाच्या स्नायूलाच सूज येते, मायोकार्डायटिस. काय खटकायला हवं? दूध पिताना कपाळावर घामाचे थेंब, हातपाय गार, रंग पांढराफट, नेब्युलायझरची वाफ देऊनही काडीचा फरक नाही, आणि ताप नसतानाही छाती धडधड धडधड. डॉक्टर पोट चाचपून लिव्हर वाढलंय का बघतात, एक्स-रेत हृदय मोठं दिसतं, मग ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी). याचाच दुसरा प्रकार म्हणजे हृदयाला जन्मापासून छिद्र होतं, कोणाला माहीत नव्हतं, आणि दीड-दोन महिन्यांनंतर प्रत्येक सर्दी छातीत उतरायला लागली. बाळाला दोन-तीनदा न्यूमोनिया झालाय, वजन वाढत नाही, पिताना दमून थांबतं, तर "इको करायचा का?" हे तुम्ही स्वतः विचारा. विचारल्याने कोणी रागावत नाही.

क्रूपबद्दल (स्वरयंत्र आणि श्वासनळीला सूज) थोडक्यात: कुत्रा भुंकल्यासारखा खोकला आणि श्वास आत घेताना आवाज. शांत असतानाही तो आवाज येत असेल तर रात्रीच निघा, बाळाला आईच्या खांद्यावर उभंच धरा, रडवू नका, घशात चमचा घालून बघू नका. लाळ गळतेय, मान वळवत नाही, तर घशामागे पू असू शकतो.

बरं होता होता पुन्हा ताप

सहावा-सातवा दिवस, खोकला कमी, बाळ हसलं, आणि मग एकदम सणकून ताप. हा नवा आजार समजा. व्हायरसने वाट मोकळी करून दिली आणि बॅक्टेरिया आत शिरले. कान दुखणं त्यातलं साधं, पण कानामागे सूज येऊन कान पुढे ढकललेला दिसला तर ते हाडापर्यंत गेलंय. छातीत झालं तर न्यूमोनिया, आणि त्यातल्या थोड्यांना फुप्फुसाभोवती पू साठतो, एम्पायमा. खूण अशी की अँटिबायोटिक सुरू होऊन ४८ ते ७२ तास झाले तरी ताप तसाच, बाळ एकाच कुशीवर पडून राहतं, कण्हतं, श्वास घेताना छातीची एक बाजू कमी हलते. डॉक्टर छातीची सोनोग्राफी करतात, पू असेल तर नळी घालतात, कधी पू पातळ करायचं औषध त्या नळीतून सोडतात, कधी दुर्बिणीतून साफ करतात. नळी बघून आईवडील खचतात ते मी रोज बघते, पण लहान मुलांची फुप्फुसं यातून फार छान भरून येतात, मोठ्यांपेक्षा कितीतरी चांगली.

बाळाच्या अंगावर पू झालेला फोड, गळू असेल, आणि त्यासोबत धाप, तर ते आवर्जून सांगा. स्टॅफ नावाचा जंतू कातडीवरून आत जातो, तासातासाला वाढतो, फुप्फुसात हवेचे फुगे करतो, आणि फुगा फुटला की हवा छातीत साठून बाळ क्षणात खालावतं. डॉक्टर त्यानुसार अँटिबायोटिक बदलतात, म्हणून ही छोटीशी माहिती मोठी आहे.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर कितवाही दिवस असो, त्याच दिवशी दाखवायचं. या वयात उलटही होतं, ताप न येता अंग गार पडतं, तेही तितकंच वाईट.

घरचे उपाय, ज्यांच्यामुळे नवीनच काहीतरी होतं

नाकात तेल-तूप सोडणं. आजी प्रेमानेच करते, पण तेल फुप्फुसात उतरलं की खोकलाही येत नाही, ते आत बसून राहतं आणि त्याचा वेगळा न्यूमोनिया होतो, कुठल्याच अँटिबायोटिकने न जाणारा. कापूर छातीला लावणं, कपड्यात बांधणं: कापराने झटके येतात. मध एक वर्षाच्या आत नाही. ब्रँडीचा थेंब नाही. अ‍ॅस्पिरिन नाही. शेगडीची धुरी, आणि घरात मशेरी भाजणं, हा धूर थेट त्या सुजलेल्या नळ्यांत जातो. पातेल्याची वाफ नाही, भाजलेली बाळं बघवत नाहीत. मेळघाटात पोट उडतंय म्हणून पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके द्यायची प्रथा अजून आहे, त्याने आजार तसाच राहतो आणि वर जखमेतून जंतू शिरायला दार उघडं होतं.

कफ सिरप तर नकोच नको. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन असलेल्या सिरपने लहान मुलांच्या किडन्या गेल्या, कितीतरी मुलं उपचाराला नागपूरला आणली होती. त्यानंतर केंद्राने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत असं पुन्हा बजावलं. सिरप चांगलं असलं तरी या वयात त्याचा उपयोग नसतो, त्यामुळे उरलेली बाटली जपून ठेवायची गरज नाही.

निघताना आणि पोचल्यावर

लसीचं कार्ड, आधीची फाइल, दिलेल्या औषधांच्या बाटल्या, व्हिडिओ. बाळाला घट्ट गुंडाळू नका, तोंडावर दुपटं टाकू नका, उभं धरा. कॅज्युअल्टीत पहिल्या वाक्यात हे सांगा: वय किती आठवडे, किती आठवड्यांनी जन्मलं, वजन किती होतं, आज आजाराचा कितवा दिवस, श्वास किती मोजले, शेवटची शू कधी, श्वास थांबला होता का. ऑक्सिजन लावला म्हणजे संपलं असं नसतं, नाकातून नळीने दूध म्हणजे बाळाला दमायला न लावता पोट भरणं. साध्या ब्रॉन्किओलायटिसला अँटिबायोटिक लागत नाही, नेब्युलायझरच्या वाफेचाही फारसा फायदा नसतो, त्यामुळे डॉक्टरांनी "नुसता ऑक्सिजन आणि दूध" म्हटलं तर ते काही करत नाहीत असं समजू नका.

लसींचं थोडं. न्यूमोकोकलची लस (पीसीव्ही) २०२१ पासून देशभर सरकारी केंद्रात फुकट आहे, सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने, ती चुकवू नका. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर, पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन डोस. परदेशात असाल तर आरएसव्हीसाठी आणखी सोय आहे: ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२४ पासून गरोदर बायकांना २८ आठवड्यांनंतर लस मिळते, अमेरिकेत २०२३ पासून बाळाला निर्सेविमॅबचं इंजेक्शन आहे, तिथल्या मिडवाइफला किंवा डॉक्टरला विचारून घ्या.

घरी आल्यावर

खोकला तीन आठवडे चालेल, त्यात काही विशेष नाही. पण चार आठवड्यांनंतरही श्वास जलद, छातीत शिट्टी, खळगे, पिताना धाप, तर ते "अशक्तपणा" म्हणून सोडू नका. एडिनोव्हायरससारखा व्हायरस (२०२३ च्या सुरुवातीला पश्चिम बंगालमध्ये त्याची मोठी साथ होती) क्वचित बारीक नळ्यांवर कायमचे व्रण ठेवून जातो, त्याला ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स म्हणतात, आणि बाहेरून तो दम्यासारखाच दिसतो. सीटी स्कॅनमध्ये कळतो, एक्स-रेत बरेचदा कळत नाही. घरात कोणाला टीबी असेल आणि बाळाचं वजन थांबलं असेल तर तोही तपास वेगळा. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करा, बाळ झोपलेलं असताना श्वास मोजून कार्डाच्या मागे तारखेसकट लिहा, आणि चौथ्या आठवड्याला आकडा खाली आला नसेल तर ते कार्ड आणि सगळे जुने एक्स-रे घेऊन लहान मुलांच्या छातीच्या डॉक्टरकडे जा.